ऑफिसची पॅन्ट्री नीट चालवायची तर: मायक्रोवेव्ह, फ्रिज, घासणी आणि दुधाची पिशवी

पंचवीस-तीस माणसांचं ऑफिस असेल तर पॅन्ट्रीत साधारण एक फ्रिज, एक मायक्रोवेव्ह, एक इलेक्ट्रिक किटली, एक सिंक आणि पाण्याचा जार असतो. वस्तू सगळ्यांच्या असतात, त्यामुळे एखादी खराब झाली की ती साफ करणं कुणाचंच काम उरत नाही. ‘कृपया स्वच्छता राखा’ ही पाटी वर्षभर भिंतीवर असते आणि तिच्याखालीच आमटी सांडलेली असते, कारण नेमकं काय करायचं हे ती सांगतच नाही. ‘डबा काढल्यावर आतली काचेची थाळी पुसा, फडकं डाव्या खुंटीवर आहे’ असं लिहा. लोक ऐकतात. पाटीवर काम लिहायचं, आणि ती जिथे काम करायचं तिथेच लावायची.

मायक्रोवेव्ह

सगळ्यात जास्त कुरबुरी इथे होतात, आणि त्यामागे साधा हिशोब आहे. तीस जणांनी तीन-तीन मिनिटं घेतली तर ९० मिनिटं झाली, आणि जेवणाची सुट्टी असते तासाभराची. त्यामुळे जेवणाच्या दोन पाळ्या करा, एक पाऊणला आणि एक दीडला. एकेकाला तीनच मिनिटं. भाजी आणि भात एकाच बोलमध्ये शेजारी-शेजारी ठेवून एकदाच गरम करा. पोळ्या शेवटी, किंचित ओलसर टिश्यूत गुंडाळून, जेमतेम २० सेकंद. जास्त वेळ ठेवल्या तर पाणी निघून जातं आणि पोळी वातड होते.

मशीन वाजलं आणि डब्याचा मालक जागेवर नसला तर पुढच्याने डबा काढून ओट्यावर ठेवायचा. हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे ‘माझ्या डब्याला हात का लावला’ हा प्रश्न येत नाही.

आपल्याकडे डबा बहुधा स्टीलचा असतो आणि तो आत चालत नाही. धातूवरून लहरी परत फिरतात, कडांशी ठिणग्या उडतात. अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि सोनेरी काठाची कपबशीही त्याच कारणाने बाहेर. म्हणून पॅन्ट्रीत काचेचे किंवा चिनी मातीचे निदान सहा बोल हवेतच. वापरणाऱ्याने जेवण झाल्या झाल्या धुवायचा. ‘नंतर धुतो’ म्हणून सिंकमध्ये ठेवलेला बोल पुढच्या पाळीला मिळत नाही. प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी ‘मायक्रोवेव्हसाठी योग्य’ अशी खूण असेल तरच तो वापरा. श्रीखंडाचे रिकामे डबे पातळ असतात, गरम करण्यासाठी बनवलेले नसतात. मेलामाइनच्या थाळ्या स्वतःच तापतात आणि तडकतात.

झाकण सैल ठेवा. घट्ट लावलं तर वाफ कोंडते आणि उघडताना हातावर येते. लावलंच नाही तर आमटी छतापर्यंत उडते. कडेचं अन्न आधी तापतं, मधलं थंड राहतं. त्यामुळे दीड मिनिटाने काढून ढवळा, पुन्हा दीड मिनिट लावा आणि मग एक मिनिट तसंच राहू द्या. मधोमध वाफ दिसली तरच ते खरं गरम झालं. अख्खं उकडलेलं अंडं कधीही आत ठेवू नका, आतल्या वाफेने ते फुटतं, कधी कधी बाहेर काढून चमचा लावल्यावरही.

सांडलेलं तेव्हाच ओल्या फडक्याने पुसलं तर दहा सेकंदांचं काम असतं. वाळलं, त्यात हळद असली, की घासत बसावं लागतं. तसं झालंच तर कपभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून तीन मिनिटं लावा, दार न उघडता पाच मिनिटं थांबा, मग पुसा. काचेची थाळी काढून सिंकमध्ये धुवा.

वासाचा प्रश्न नाजूक असतो. सुरमईचं कालवण किंवा सुकट गरम झाली की वास अर्ध्या मजल्यावर जातो. तरी ऑफिसात मासे आणायलाच बंदी घालावी हे आम्हाला पटत नाही. माणूस घरचं जेवण जेवतोय. मासे पाळीच्या शेवटी गरम करायचे, झाकून, कमी पॉवरवर. नंतर दोन मिनिटं लिंबूपाणी लावायचं आणि दार दहा मिनिटं उघडं ठेवायचं. शाकाहारी मंडळी बरीच असतील तर बोल वेगळे ठेवा आणि त्यांच्या तळाला हिरव्या रंगाचा ठिपका द्या. आषाढी एकादशीला, महाशिवरात्रीला, संकष्टीला साबुदाण्याची खिचडी घेऊन येणारे असतातच. त्या दिवशी सकाळीच थाळी धुऊन ठेवली तर त्यांना कुणाला काही विचारावं लागत नाही.

फ्रिज

आतलं तापमान ४ अंशांच्या आसपास हवं. डायलवरचा आकडा म्हणजे तापमान नव्हे, त्यामुळे मधल्या कप्प्यात एक छोटा थर्मामीटर ठेवा. जेवणाच्या वेळी दार सारखं उघडतं, म्हणून आकडा बघायचा सकाळी.

हा फ्रिज कशासाठी आहे ते एकदा ठरवून टाका. सातला भरलेला डबा एकला उघडतो, म्हणजे सहा तास झाले. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि मे महिन्यात तर लवकरच बिघडतं. भाताचं विशेष लक्षात ठेवा: त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवतानाही मरत नाहीत, भात बाहेर राहिला की वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. त्यामुळे भात, दही, अंडी, चिकन, मासे यांचा फ्रिजवर पहिला हक्क. वाढदिवसाच्या उरलेल्या केकचा भलामोठा खोका मधला कप्पा अडवत असेल तर केक लहान डब्यात काढा.

डब्यावर नाव आणि तारीख दोन्ही लिहा. स्टीलचे डबे सारखेच दिसतात आणि झाकणं बदलतात, म्हणून नाव झाकणावरही हवं आणि डब्यावरही. मास्किंग टेप आणि मार्कर दोरीने फ्रिजच्या हँडललाच बांधून ठेवा. ड्रॉवरमध्ये ठेवले तर कुणी उठून आणत नाही. जे सगळ्यांसाठी आहे त्यावर हिरवी टेप. कुणी गावाहून आणलेले पेढे असोत की सॉसची बाटली, हिरवी टेप असली तर खुशाल घ्या, नसली तर विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. विचारून घेतलेलं संपवलंत तर दुसऱ्या दिवशी भरून द्या.

मांसाहारी डबे सगळ्यात खालच्या कप्प्यात, ट्रेमध्ये, म्हणजे सांडलं तरी कुणाच्या डब्यावर गळत नाही. दूध दारात ठेवू नका, तिथे सगळ्यात कमी गारवा असतो. कप्प्यात मागे सरकवा. मागच्या भिंतीवरच्या हवेच्या फटी मात्र मोकळ्या राहू द्या.

दर शुक्रवारी साडेचारला फ्रिज रिकामा करायचा. गुरुवारी ग्रुपवर आठवण, शुक्रवारी नाव नसलेलं आणि तारीख उलटलेलं सगळं बाहेर. हे काम पाळीने कर्मचाऱ्यांनीच करायचं, पॅन्ट्रीतल्या मावशींवर ढकलायचं नाही. कुणाचं काय टाकायचं हे त्यांनी ठरवायचं आणि मग ‘माझा डबा टाकला’ म्हणून बोलणीही त्यांनीच खायची, हे अन्यायाचं आहे. मग लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून कप्पे पुसा.

घासणी आणि सिंक

घासण्या दोन: एक भांड्यांची, एक सिंक-ओट्याची, दोन रंगांच्या. वापरून झाली की पिळून उभी ठेवायची, सिंकमध्ये ओली टाकायची नाही. दर सोमवारी नवी. पुसायचे नॅपकिन रोज बदला, आणि हात पुसायचा वेगळा ठेवा. खरकटं आधी ओल्या कचऱ्यात. चहाचा चोथा सिंकमध्ये गेला की तो हमखास तुंबतो.

चहा, दूध, किटली

साखरेच्या आणि कॉफीच्या डब्यात स्वतंत्र कोरडा चमचा हवा. चहात बुडवलेला चमचा परत कॉफीत गेला की दोन दिवसांत तिचा गोळा होतो.

एका कपाला ५० मिली दूध धरलं तर अर्ध्या लिटरच्या पिशवीत दहा कप होतात. वीस जण दोनदा चहा घेत असतील तर रोज चार पिशव्या. कापलेली पिशवी तशीच फ्रिजमध्ये उभी करू नका, ती कलंडते आणि दुधाला वासही लागतो. दूध पातेल्यात तापवून, निवल्यावर झाकून आत ठेवा. शेवटचं ज्याने संपवलं त्याने फळ्यावर ‘दूध संपलं’ लिहायचं. काँट्री जो चहा पितो त्याच्याकडूनच घ्या. न पिणाऱ्याकडून सगळ्यांइतके पैसे घेतले की त्याने कितीही हसून दिले तरी ते त्याच्या मनात राहतं.

किटलीत फक्त पाणी. दूध तळाला करपतं, उतू जातं, आणि तो वास पुढे महिनाभर प्रत्येकाच्या ग्रीन टीत येतो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर तळाशी पांढरा थर बसतो. लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूफूल घालून उकळा, वीस मिनिटं ठेवा, ओतून द्या, नंतर दोनदा साधं पाणी उकळून टाका.

पाण्याच्या नळाला बाटलीचं तोंड टेकवू नका. जार संपवणाऱ्याने नवा लावायचा, पण भरलेला जार वीस किलोंचा असतो, तेव्हा जमत नसेल त्याने हाक मारावी.

सांगायचं कसं

चुकलेल्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका. त्याच दिवशी, एकट्याला, वस्तूचं नाव घेऊन सांगा: ‘अहो, तुमचा बोल सिंकमध्ये राहिलाय, पुढची पाळी थांबलीय.’ नव्याने रुजू झालेल्याला पहिल्याच दिवशी पॅन्ट्री दाखवा, पाच मिनिटं पुरतात. मावशींची कामंही लिहून ठरवा: ओटा, फरशी, सकाळ-दुपारचा चहा. कुणाचा खाजगी डबा धुणं त्यात येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी दूधवाल्याला नको म्हणून सांगा, फ्रिज रिकामा करा. चार-पाच दिवस बंद ठेवणार असाल तर आतून कोरडा पुसून दाराच्या फटीत घडी घातलेलं फडकं अडकवा, नाहीतर बुरशी धरते. ओला कचरा त्याच संध्याकाळी खाली जाऊ दे, घासण्या टाकून द्या आणि किटलीचा प्लग काढा.