उंदरात प्रोस्टेट वाढवायचा मॉडेल आणि हॉर्मोन मोजणं: एम.फार्म वाल्यांसाठी

गोखरू, वरुण वगैरे औषधी वनस्पती घेऊन प्रोस्टेटवर (मूत्राशयाखालची नरांची ग्रंथी) प्रोजेक्ट करणारे दरवर्षी बरेच असतात, आणि आकड्यांचा गोंधळ जवळपास सगळ्यांचा सारखाच होतो म्हणून लिहितेय. आयएईसीची (कॉलेजची प्राण्यांवरच्या प्रयोगांची नीती समिती) मंजुरी आधी, बाकी सगळं नंतर.

मॉडेल सोपा आहे. विस्टार किंवा स्प्रॅग-डॉली जातीचे नर उंदीर घ्या, २००-२५० ग्रॅमचे, आणि टेस्टोस्टेरॉन प्रोपिओनेट (इंजेक्शनने द्यायचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नर हॉर्मोन) ३ मिग्रॅ/किलो रोज त्वचेखाली, २८ दिवस. तेलात ३ मिग्रॅ/मिली द्रावण केलं की किलोला १ मिली बसतं, म्हणजे २५० ग्रॅमच्या उंदराला ०.२५ मिली, हिशोब चुकत नाही. कंट्रोल ग्रुपलाही तेच तेल तेवढंच टोचायचं, नुसतं सोडून द्यायचं नाही. तेल घट्ट असतं, कोमट करून हळू टोचा आणि सुई लगेच काढू नका, नाहीतर अर्धा डोस केसांवर ओघळतो आणि तुम्हाला कळतही नाही. वजन दर आठवड्याला करून डोस बदला. पॉझिटिव्ह कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठीच्या ग्रुपला, फिनास्टेराइड (प्रोस्टेट वाढीवरचं नेहमीचं औषध) तोंडावाटे.

आता हॉर्मोन. इथेच गडबड होते. टेस्टोस्टेरॉन दिवसभर वरखाली होतं, आणि उंदीर घाबरला, दुसऱ्या पिंजऱ्यात हलवला, तरी बदलतं. माझ्या पहिल्या बॅचमध्ये दोन ग्रुपचं रक्त सकाळी काढलं आणि उरलेल्यांचं दुपारी, आणि मग ग्रुपमधला फरक औषधाचा की वेळेचा हे सांगताच येईना, सगळी बॅच वाया. म्हणून शेवटच्या इंजेक्शननंतर किती तासांनी रक्त काढायचं ते आधी ठरवा आणि सगळ्या ग्रुपमधले उंदीर आलटून पालटून घ्या, एक ग्रुप संपवून दुसरा असं नको.

अजून एक. तुम्ही बाहेरून टेस्टोस्टेरॉन देताय, मग रक्तात ते जास्त दिसलं यात नवल काय? बघायचं ते डीएचटी (डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन), कारण ५-अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करतं आणि प्रोस्टेटच्या पेशींना वाढवणारं मुख्य हॉर्मोन तेच. फिनास्टेराइड हे एन्झाइम अडवतं, म्हणून डीएचटी उतरतं पण टेस्टोस्टेरॉन उतरत नाही, उलट थोडं चढू शकतं, त्यामुळे ‘टेस्टोस्टेरॉन कमी झालं नाही म्हणजे औषध फेल’ असं लिहू नका प्लीज. एलायझा (अँटिबॉडीने हॉर्मोन मोजायची चाचणी) किट घेताना डीएचटीचं किट टेस्टोस्टेरॉनला किती क्रॉस-रिअ‍ॅक्ट करतं, म्हणजे चुकून डीएचटी म्हणून किती मोजतं, ते वाचा, सॅम्पल डुप्लिकेट लावा, रक्तपेशी फुटून लाल झालेला सीरम टाकून द्या. आणि उंदरात पीएसए (माणसात प्रोस्टेटच्या तपासणीला रक्तात मोजतात ते प्रथिन) मोजू नका, उंदराला माणसासारखं पीएसएचं जीनच नाही, किट मिळतं म्हणून आकडा खरा होत नाही.

प्रोस्टेट काढताना व्हेंट्रल लोब (पोटाकडचा भाग) मूत्राशयाच्या खाली दोन पाकळ्यांसारखा दिसतो, तो आधी. डॉर्सल-लॅटरल मागे असतात, आणि अँटिरियर लोब सेमिनल व्हेसिकलच्या (वीर्यातला द्रव बनवणारी शेजारची ग्रंथी) आतल्या वळणाला चिकटलेला, तो घाईत बरोबर येतो आणि वजन फुगतं. कुठले लोब मोजले ते थीसिसमध्ये स्पष्ट लिहा. चरबी साफ करा, टिपून लगेच वजन करा, वाळला की आकडा घसरतो. वजन भागिले शरीराचं वजन, म्हणजे प्रोस्टेट इंडेक्स.

मग एक तुकडा १० टक्के फॉर्मलिनमध्ये. स्लाइडवर एपिथेलियम (ग्रंथीचं आतलं पेशींचं अस्तर) किती जाड झालं आणि ग्रंथीच्या पोकळीत किती घड्या आल्या ते बघायचं, पण लेबलवर ग्रुपचं नाव नको, नंबर मैत्रिणीकडून टाकून घ्या.