नारळ-सुपारीची बाग कशी सांभाळावी: खड्डा खणायच्या आधीपासून

आज झाडावरून उतरवलेल्या नारळाची सुरुवात साधारण साडेतीन-पावणेचार वर्षांपूर्वी झालेली असते. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, आधी शेंड्याच्या गाभ्यात धरते, बाहेर डोकावायला तिला अडीच वर्षांहून जास्त काळ लागतो, आणि ती उमलल्यावर फळ पक्व व्हायला आणखी एक वर्ष जातं. म्हणून यंदा उन्हाळ्यात पाणी चुकलं तर त्याची शिक्षा यंदाच मिळते असं नाही, ती दोन-तीन वर्षांनीही मिळते, आणि तोवर आपण कारण विसरलेलो असतो. सुपारी, काजू, कोको, रबर, चहा, कॉफी या सगळ्याच बागांचा हिशोब असा उशिरा लागतो. इथे प्रामुख्याने नारळ-सुपारीबद्दल लिहितो, बाकीची पिकं ओघात येतील.

पहिली पायरी: अंतर ठरवा आणि त्याला चिकटून राहा

जमीन बघताना आधी पाणी कुठे तुंबतं ते बघा. नारळाला भरपूर पाणी लागतं, पण मुळाशी साचलेलं पाणी त्याला चालत नाही. कातळावर वीतभर माती असेल तर तिथे झाड उभं राहील, पण पोसलं जाणार नाही.

नारळाला दोन झाडांत साडेसात मीटर अंतर ठेवा. चौरस पद्धतीने हेक्टरी 177 झाडं बसतात. दोन हात उंचीची रोपं एवढ्या अंतरावर लावली की शेत ओसाड दिसतं आणि हमखास मोह होतो, मध्ये अजून एकेक टाकू. टाकू नका. पूर्ण वाढलेली झावळ पाच-सहा मीटर लांब असते. दाटीतली झाडं उजेडासाठी उंच आणि बारीक होत जातात, आणि पंधरा वर्षांनी त्यातलं एक तोडायला कुणाचा हात धजत नाही.

सुपारीचं उलट आहे, तिला 2.7 मीटर पुरे. पण तिचं कोवळं हिरवं खोड नैर्ऋत्येच्या दुपारच्या उन्हाने भाजतं, त्या जागी भेग पडते आणि पुढे वाऱ्याने झाड तिथेच मोडतं. (विषुववृत्ताच्या उत्तरेला ही दिशा नैर्ऋत्य. दक्षिणेकडच्यांनी वायव्य समजावी.) म्हणून बागेच्या त्या कडेला उंच वाढणाऱ्या झाडांची ओळ आधी लावा, सुपारी नंतर. काजूला सात ते आठ मीटर अंतर ठेवा. तो फांद्यांच्या टोकाला, उन्हातल्या बाजूला फळतो, त्यामुळे घेर एकमेकांत घुसले की उत्पन्न घटतं.

दुसरी पायरी: रोप निवडताना दया नको

नारळाला फांद्या नाहीत, कलम नाही. वाढीचा बिंदू एकच. आंब्याचं झाड निकृष्ट निघालं तर त्यावर दुसरी जात बांधता येते, माडावर तशी सोय नाही. चुकीचं रोप म्हणजे पन्नास वर्षांची चूक.

रोप नऊ ते बारा महिन्यांचं, निदान सहा पानांचं, बुंध्याशी दहा सेंटिमीटर घेराचं असावं. आणखी एक खूण बघा: ज्याची पानं लवकर फाटून पात्या सुट्या होतात ते रोप जोमदार. रोपवाटिकेत पाच-सहा महिन्यांत न रुजलेले नारळ बाजूला काढा. उशिरा का होईना उगवला म्हणून ठेवलेला नारळ पुढेही सगळं उशिराच करतो.

काजूचं मात्र कलमच घ्या. सांधा घट्ट जुळलेला आहे ना ते बोट फिरवून बघा, आणि लावल्यावर सांध्याखालून येणारी फूट दिसेल तेव्हा खुडा. ती मूळ रोपाची असते आणि कलमाला खाऊन टाकते. पहिली दोन वर्षं आलेला मोहोरही काढून टाकावा. जिवावर येतं, पण त्यामुळेच झाड घेर धरतं.

तिसरी पायरी: खड्डा

एक मीटर लांब, रुंद आणि खोल. जांभ्याच्या किंवा रेताड जमिनीत तळाशी नारळाच्या सोडणांचे (वरच्या काथ्याच्या सालांचे) दोन थर, पोकळ बाजू वर करून, रचा. ती सोडणं पाणी धरून ठेवतात. वर माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत, तेही अर्ध्याच खड्ड्यापर्यंत. रोप मधोमध लावा आणि नारळाभोवतीची माती पायाने दाबून घ्या.

सगळ्यात जास्त रोपं मरतात ती पहिल्या जोरदार पावसात. काठाची माती वाहून आत येते, रोपाची मान पुरली जाते आणि कोंब सडतो. म्हणून खड्ड्याच्या कडेने बांध घाला, आणि पाऊस उघडला की मान मोकळी करत फिरा. रोप वाढेल तसतसा खड्डा हळूहळू भरत न्यायचा, एकदम नाही. पहिला उन्हाळा सावलीत काढू द्या, चार काठ्या आणि वर झावळी एवढं पुरतं.

चौथी पायरी: पाणी, आच्छादन, खत

नारळाची बहुतेक कामाची मुळं बुंध्यापासून दोन मीटरच्या आत असतात. आळं तेवढ्याच घेराचं करा, आणि पाणी, खत, आच्छादन सगळं तिथेच द्या. बुंध्याला चिकटवून टाकलेलं खत मुळांपर्यंत पोचत नाही. आळ्यात झावळ्यांचे तुकडे, सोडणं, पालापाचोळा पसरा. मी स्वच्छ झाडलेल्या बागेचा चाहता नाही. उघडी जमीन उन्हाने तापते आणि पावसाने धुपते.

खताच्या बाबतीत नारळ पालाशचा, म्हणजे पोटॅशचा, भुकेला आहे. भारतात सर्रास दिली जाणारी शिफारस पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला 500 ग्रॅम नत्र (नायट्रोजन), 320 ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) आणि 1200 ग्रॅम पालाश अशी आहे. मात्रा दोन-तीन हप्त्यांत, जमिनीत ओल असताना द्या. पहिल्या वर्षी दहावा हिस्सा, दुसऱ्या वर्षी एक तृतीयांश, तिसऱ्या वर्षी दोन तृतीयांश आणि चौथ्यापासून पूर्ण. माती तपासली असेल तर अर्थात तिचं ऐका.

कमतरता पानावर वाचता येते. नवं-जुनं सगळंच फिकट पिवळं पडलं तर नत्र कमी. जुन्या पानांवर नारिंगी ठिपके आणि टोकं करपलेली दिसली तर पालाश कमी. जुन्या पात्यांच्या कडा पिवळ्या आणि शिरेलगत हिरवं राहिलं तर मॅग्नेशियमचा संशय घ्या. शेंड्यातली नवी पानं उलगडतच नाहीत, पात्या एकमेकींना चिकटून पंख्यासारख्या राहतात, तर बोरॉन. त्यासाठी झाडाला 50 ग्रॅम बोरॅक्स आळ्यात देतात. इथे हात सैल सोडू नका, बोरॉन जास्त झालं तर विष होतं.

पाचवी पायरी: मधली जागा

नारळाच्या बागेत उजेडाचे तीन काळ असतात. पहिली सात-आठ वर्षं जमिनीवर भरपूर ऊन, तेव्हा केळी, भाज्या, कडधान्यं घ्या. मग साधारण पंचविसाव्या वर्षापर्यंत दाट सावली, तेव्हा सावलीत येणारंच काही लावायचं. त्यानंतर माथे उंच जातात, ऊन पुन्हा खाली उतरतं आणि कोको, जायफळ, मिरी यांना जागा होते. सुपारी सहा-सात वर्षांची झाली की खोडाच्या उत्तर बाजूला मिरीचा वेल लावावा, दुपारचं ऊन त्याला टळतं. प्रत्येक आंतरपिकाला त्याचं वेगळं खत आणि पाणी द्यावंच लागतं, नाहीतर ते नारळाच्या ताटातलं खातं.

एकाच पिकावर सगळा भार टाकण्यात काय धोका असतो ते श्रीलंकेने, तेव्हाच्या सिलोनने, अनुभवलं आहे. 1869 साली तिथल्या कॉफीवर तांबेरा हा बुरशीचा रोग दिसला, पुढच्या दोन-अडीच दशकांत कॉफीचे मळे बुडाले आणि त्या जागी चहा आला.

सहावी पायरी: माथ्याकडे बघायची सवय

नव्या झावळीच्या पात्या कात्रीने कापल्यासारख्या त्रिकोणी तुटलेल्या दिसल्या तर गेंड्या भुंग्याने ती सुईत, म्हणजे न उलगडलेल्या कोवळ्या पानात, असतानाच कुरतडली होती. भोकातून लोखंडी आकडी घालून भुंगा ओढून काढा, आणि वरच्या दोन-तीन पानांच्या बगलेत निंबोळी पेंड व वाळू सम प्रमाणात भरा. पण भुंगा वाढतो शेणखताच्या खड्ड्यात. तिथे गुबगुबीत पांढऱ्या अळ्या सापडल्या तर खत उपसून त्या वेचा, किंवा मेटारायझियम ही बुरशी खड्ड्यात मिसळा.

सोंड्या भुंगा त्याहून घातकी, कारण तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. खोडाच्या भोकातून तपकिरी चिकट रस आणि चावलेला भुसा बाहेर येतो. शांत वेळी खोडाला कान लावला तर आतल्या अळ्यांचं कुरकुर कुरतडणं ऐकू येतं. तो अंडी घालतो जखमेत. म्हणून खोडावर चढण्यासाठी खाचा पाडू नका, आणि हिरवी झावळ तोडावीच लागली तर देठाचा मीटरभर तुकडा ठेवून तोडा.

पावसाळ्यात सुई पिवळी पडून ओढताच हातात आली आणि घाण वास सुटला, तर कोंब सडतोय. कुजका भाग निरोगी पांढरा गर लागेपर्यंत खरवडून बोर्डोची (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणाची) पेस्ट लावा आणि नवं पान येईपर्यंत पाणी जाणार नाही असं झाका. सुपारीवरच्या कोळेरोगाला (पावसाळ्यात फळं सडवणाऱ्या रोगाला) पावसाआधी एक आणि 40 ते 45 दिवसांनी दुसरी बोर्डोची फवारणी घडांवर बसली पाहिजे.

एक टक्का बोर्डो घरी करता येतं. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) 50 लिटर पाण्यात, एक किलो चुना दुसऱ्या 50 लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या पिंपात. मोरचुदाचं पाणी ढवळत ढवळत चुन्यात ओता. मग लोखंडी सुरीचं घासलेलं पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस लेप चढला तर चुना कमी आहे, थोडा वाढवा. पातं होतं तसं चकचकीत निघालं की फवारा, आणि त्याच दिवशी संपवा.

सातवी पायरी: काढणी आणि वही

नारळ साधारण दीड महिन्याने उतरवतात. त्या वेळी माथा साफ करायला सांगितला की चढणारा चार हिरव्या झावळ्याही खाली टाकतो. मीही एके वर्षी तसंच करून घेतलं, बाग छान दिसली, आणि पुढच्या हंगामात घड देठातून लोंबू लागले. प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय असते आणि घडाचा भार तीच झावळ पेलते. सुकलेली तेवढीच काढा.

झाडांना क्रमांक घाला आणि प्रत्येक काढणीला किती नारळ निघाले ते झाडागणिक वहीत लिहा. चार-पाच वर्षांत काही क्रमांक सतत मागे पडलेले दिसतील. खतपाणी सारखं मिळूनही ती झाडं सुधारली नाहीत तर त्यांच्या शेजारी नवी रोपं लावा, आणि ती उभी राहिली की जुनी तोडा. तोडलेलं खोड मात्र बागेत पडू देऊ नका, कुजत्या खोडातही गेंड्या भुंग्याची पुढची पिढी वाढते आणि नव्या रोपांच्या सुयांवर बसते.