कॉम्प्लिमेंटचं प्रात्यक्षिक फसतं ते इथे: या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी एमएस्सीच्या पोरांकडून दरवर्षी हे प्रात्यक्षिक करून घेतो. कॉम्प्लिमेंट म्हणजे सीरममधली, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातली, सी१ ते सी९ ही प्रथिनं; ती एकामागून एक कामाला लागून अँटीबॉडी बसलेली पेशी फोडतात. अँटीबॉडी लावलेल्या मेंढीच्या लाल पेशींवर माणसाचं ताजं सीरम टाकायचं. पेशी फुटल्या की गढूळ द्रव पारदर्शक लाल होतो.

सगळ्यात जास्त घोळ जांभळ्या टोपणाच्या नळीने केलाय. मागे दोघांनी लागोपाठ तीन शनिवार घालवले. अँटीबॉडी बदलली, धनगराच्या दुसऱ्या मेंढीचं रक्त आणलं, तरी पेशी तळाशी जशाच्या तशा. मी म्हटलं, नळी दाखवा. "सर, रक्त तं आजचंच हाय नं जी!" आजचंच होतं, पण ईडीटीएमधलं, म्हणजे जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून असलेल्या रसायनातलं. ईडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही पकडून ठेवतं. सी१ हा एकटा रेणू नाही. एक सी१क्यू, दोन सी१आर, दोन सी१एस अशी ती जुडी आहे आणि कॅल्शियमवाचून ती सुटते. पुढे सी४बीवर, म्हणजे कापलेल्या सी४च्या तुकड्यावर, सी२ बसायला मॅग्नेशियम हवं, तेही नाही. सी३ कापते ती हीच जोडी. ती नाही, मग सी३ कापणार कोण?

त्यातल्या एकाने परस्पर कॅल्शियम क्लोराईड ओतलं, तर नळीतच गाठ झाली. असली डागडुजी करूच नका, रक्त पुन्हा काढा. लाल टोपणाची साधी नळी घ्या, अर्धा तास गोठू द्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, सीरम लगेच बर्फात. मी तर बर्फाचा डबा भरल्याशिवाय सुईला हात लावत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो, त्यात लाइट गेलेली. टेबलावर राहिलेल्या सीरमचा भरवसा धरू नका. वितळलेलं सीरम पुन्हा गोठवायचं नाही.

अँटीबॉडी वाटेल तितकी पातळ करू नका. अँटीबॉडीचे दोन प्रकार इथे कामाचे: पेशीवर बसलेलं एक आयजीएम सी१ला पुरतं, आयजीजी मात्र शेजारी शेजारी अनेक लागतात.

क्रम सी१, सी४, सी२, सी३ असा आहे. आकडे शोधाच्या क्रमाने पडलेत, कामाच्या नव्हे. एवढं पाठ कराच.

सी९ला एन्झाइम लिहिलेलं दिसलं की मला खरंच वाईट वाटतं. सी५ कापलं की कापाकापी संपते. सी६, सी७, सी८ नुसते येऊन जुळतात आणि सी९चे अनेक रेणू कडं करून पेशीला भोक पाडतात.

आणि एका नळीत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं सीरम ठेवाच; तापवल्याने कॉम्प्लिमेंट निकामी होतं. त्या नळीतही पेशी फुटल्या, तर फोडणारं कॉम्प्लिमेंट नाही. आधी बफर तपासा.