भाज्यांचा हलका फ्रिटाटा घरी कसा करायचा

फ्रिटाटा म्हणजे इटलीतलं जाड ऑम्लेट, पण आपल्यासारखं मोठ्या आचेवर दोन मिनिटांत उरकायचं नाही, भाज्या अंड्यातच कालवायच्या आणि थालीपिठासारखं झाकण ठेवून सावकाश होऊ द्यायचं. नाव "तळणे" या इटालियन क्रियापदावरून आलंय, तरी तेल दोनच चमचे पुरतं.

दोघांना 3 अख्खी अंडी आणि 2 अंड्यांचा नुसता पांढरा भाग घ्या, म्हणजे पोटाला हलकं होतं. सोबत एक कांदा, एक झुकिनी (काकडीसारखी दिसणारी भाजी), दोन मुठी पालक. झुकिनी नसेल तर ढोबळी मिरची चालते.

आता खरी गोम भाजीतल्या पाण्यात आहे. मी पहिल्यांदा चिरलेला पालक तसाच अंड्यात टाकला आणि ताटलीत हिरवं पाणीच पाणी, वर ते रबरासारखं अंडं, घरच्यांनी मुकाट्याने टोमॅटो सॉस मागितला! तर झुकिनीच्या चकत्यांना मीठ लावून 15 मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळा, पालक तव्यावर मऊ करून तोही पिळा, कांदा गुलाबी होईपर्यंत परता, त्यातच झुकिनी टाकून कोरडी करा. मग सगळं गार होऊ द्या, गरम भाजी अंड्यात पडली की तिथल्या तिथे गुठळ्या होतात.

अंडी काट्याने फक्त एकजीव करा, फेस काढत बसू नका कारण फेसामुळे फुगतं आणि लगेच बसतं. गार झालेल्या भाज्या, मिरपूड, थोडं किसलेलं चीज घाला, मीठ मात्र बेताने, झुकिनीत आणि चीजमध्ये आधीच असतं. दूध नकोच.

20 सेंटीमीटरचा नॉनस्टिक पॅन तापवा, तेल घालून मिश्रण ओता, मिनिटभर कडा आत ओढा, मग गॅस अगदी बारीक करून 8 ते 10 मिनिटं झाकून ठेवा. मधे एकदा झाकणाखालचं पाणी पुसा, नाहीतर तेच परत वर टपकतं. कडा घट्ट होऊन फक्त मधोमध जरासं डुगडुगायला लागलं की पॅनपेक्षा मोठी ताटली उपडी ठेवायची, हाताने दाबून धरायची आणि झटक्यात उलटं करायचं, पहिल्यांदा करताय तर सिंकवरच करा. परत पॅनमध्ये सरकवून दोन मिनिटं.

कापायच्या आधी पाच मिनिटं थांबा. इटलीत गारही खातात, पावात घालूनसुद्धा, आणि नेपल्सकडे तर उरलेल्या पास्त्याचाही करतात.