अपघातग्रस्तांच्या पायातील गुठळी सोनोग्राफीने शोधताना या चुका टाळा

पुण्याजवळ कात्रज-नवले पुलाच्या उतारावर किंवा द्रुतगती मार्गावर हाडे मोडून आलेला रुग्ण पलंगाला खिळला, की पायाच्या खोल शिरांत गुठळी धरण्याची भीती असते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासात प्रतिबंधक औषध न दिलेल्या ३४९ गंभीर जखमींची व्हेनोग्राफी (शिरेत रंगद्रव्य सोडून काढलेला एक्स-रे) केली, तेव्हा २०१ जणांच्या पायांत गुठळ्या सापडल्या आणि त्यांपैकी केवळ तिघांच्या बाबतीत डॉक्टरांना आधी शंका आली होती. म्हणूनच सूज येण्याची वाट न पाहता प्रोब (सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग) हाती घ्यावा लागतो. मात्र तो घेतल्यावर जे केले जाते, ते पाहून अनेकदा हात कपाळाला लावावासा वाटतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे शीर दाबून पाहण्याऐवजी कलर डॉपलरवर, म्हणजे वाहते रक्त रंगाने दाखवणाऱ्या सोयीवर, विसंबणे. मोकळी शीर प्रोबने दाबली की मिटते, गुठळी असलेली मिटत नाही. ताजी गुठळी पडद्यावर रक्तासारखीच काळी दिसते. तिच्या कडेने रक्त वाहत असेल तर रंग वाढवताच तो गुठळीवरही सांडतो आणि शीर भरल्यासारखी भासते. एका रात्री मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाचा ‘दोष नाही’ असा रिपोर्ट आमच्या रेसिडेंटने (शिकाऊ डॉक्टरने) पाच मिनिटांत लिहिला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पलंगासाठी गेलो असताना त्या तरुणाची पोटरी मला किंचित तटतटलेली वाटली, म्हणून प्रोब ठेवला. मधल्या मांडीत फीमोरल शीर (मांडीतील मुख्य खोल शीर) दुहेरी होती (असे बऱ्याच जणांत असते). एक लगेच मिटली, दुसरी मात्र शेजारची धमनी चपटी होईपर्यंत दाबूनही मिटेना. “सर, रंग तर पूर्ण भरला होता,” रेसिडेंट म्हणाला. “अरे, रंग भरला, पण शीर मिटली का?” या प्रश्नावर तो गप्प झाला, कारण त्याने जांघ आणि गुडघा एवढेच दाबून पाहिले होते. शस्त्रक्रियेचे वेळापत्रक बदलावे लागले.

तेव्हापासून माझा नेम ठरला आहे. पलंगाचे डोके उंच करून घ्यायचे, पाय बाहेरच्या बाजूला वळवून गुडघा थोडा दुमडायचा (मोडलेला पाय ऑर्थोपेडिकवाल्यांना विचारूनच) आणि जांघेपासून पोटरीपर्यंत दर एक-दोन सेंटीमीटरवर, आडव्या छेदातच, शिरेच्या दोन्ही भिंती एकमेकींना टेकेपर्यंत दाबायचे. मांडीच्या खालच्या भागात शीर खोल जाते. तेथे दुसरा हात मांडीखाली घालून वर रेटावे. पाय संपेपर्यंत मी रंगाच्या बटणाला हात लावत नाही. यास वेळ लागतो, हे मान्य. ज्यांना घाई आहे त्यांनी ही तपासणी दुसऱ्यावर सोपवावी.

दुसरी चूक रिपोर्टात होते. स्लॅब (प्लास्टरची पट्टी), ड्रेसिंग किंवा फिक्सेटरखालचा (हाड धरणाऱ्या बाहेरच्या सांगाड्याखालचा) भाग दिसलेलाच नसतो, कटीतील शिरा आतड्यातील वायूमुळे झाकलेल्या असतात, तरी सरसकट ‘गुठळी नाही’ असे लिहून मोकळे होतात. कोणता भाग दिसला नाही, ते नाव घेऊन लिहावे. शिवाय आजचा निर्मळ रिपोर्ट आजपुरताच असतो. रुग्ण अजून पडूनच असेल, तर मी आठवड्याने पुन्हा पाहतो. सर्वच जखमींची अशी तपासणी करावी की नाही, यावर मतभेद आहेत आणि जितके शोधावे तितके सापडते हेही खरे, म्हणून मी ती कटी, मांडी वा मणक्याच्या गंभीर इजांपुरती ठेवतो. प्रतिबंधक औषधाची जागा मात्र सोनोग्राफी घेऊ शकत नाही.

‘सुपरफिशिअल फीमोरल’ हे जुने नाव रिपोर्टात लिहू नका, कारण ती खोल शीर आहे आणि नावाला फसून उपचार थांबल्याची उदाहरणे आहेत. जांघेतील लसिकाग्रंथीला आणि गुडघ्यामागच्या बेकर सिस्टला (द्रवाने भरलेल्या पिशवीला) गुठळी समजू नका. जखमी रुग्णात डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणारा घटक) इजेमुळेच वाढलेले असते, तेव्हा वाढलेल्या आकड्यावरून गुठळी ठरवू नका. आणि शिरेत गुठळीचे तरंगणारे टोक दिसले, तर खात्रीसाठी पुन्हा पुन्हा दाबत बसू नका, ते तुटू शकते. प्रोब बाजूला ठेवून लगेच सर्जनना फोन करा.