मंडळाचा एफएम सुरू करण्याआधीची तयारी

इंदूरला रामबाग किंवा सुदामानगरातल्या एखाद्या मंडळाला गणपतीत आरती, कीर्तन, मुलांची नाटुकली स्वतःच्या एफएमवरून घरोघरी ऐकवायची असेल, तर पहिलं काम म्हणजे खरेदी थांबवणं. ऑनलाइन दिसतो तो ट्रान्समीटर मागवू नका आणि कुणी फुकट दिला तरी ठेवून घेऊ नका. 1933 च्या भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायद्यानं परवान्याशिवाय ट्रान्समीटर नुसता बाळगणं हाच गुन्हा ठरवला: 3 वर्षांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यंत्रही जप्त होऊ शकतं. हजाराचा आकडा वाचून निर्धास्त होऊ नका. 2023 च्या दूरसंचार कायद्याच्या कलम 42 मध्ये परवानगीशिवाय दूरसंचार जाळं उभारणाऱ्याला कैद तेवढीच आहे, दंड मात्र 2 कोटींपर्यंत. ‘पैसे घेत नाही’, ‘दहाच दिवस आहे’ या सबबी चालत नाहीत. बिहारात वैशाली जिल्ह्यातलं मन्सूरपूरचं राघव एफएम गावाचं लाडकं होतं, तरी परवाना नाही म्हणून 2006 मध्ये बंद झालं.

‘वॉट कमी आहे, काय होतंय?’ असं कार्यकारिणीत कुणीतरी म्हणेलच. त्याला सांगा, एफएमचा पट्टा 108 मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांच्या दिशादर्शनाचा सुरू होतो. 118 च्या वर वैमानिक आणि टॉवर बोलतात. स्वस्त किटमध्ये धड फिल्टर नसतो, गच्चीवरची अँटेना नीट जुळलेली नसते, आणि सर्किट भलत्याच फ्रिक्वेन्सीवरही तरंग सोडू लागतं. आपल्या रेडिओवर आवाज स्वच्छ येत असतो, म्हणून लावणाऱ्याला पत्ताही लागत नाही. विमानतळ शहराला लागूनच आहे.

रीतसर वाट सामुदायिक रेडिओची, म्हणजे संस्थेनं आसपासच्या वस्तीसाठी चालवलेल्या छोट्या केंद्राची. एकट्या माणसाला त्याचा परवाना मिळत नाही. ना-नफा संस्था हवी, नोंदणीला 3 वर्षं झालेली. नोंदणीपत्र, घटना, ऑडिट झालेले हिशेब, विश्वस्तांची यादी आणि मनोऱ्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश एका फाइलीत लावून माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर अर्ज करा. प्रसारणाची शक्ती 100 वॉट ईआरपीच्या (अँटेनातून बाहेर पडणारी प्रभावी शक्ती) आत राहील आणि मनोरा 30 मीटरच्या वर जाणार नाही, असाच आराखडा काढा. सगळ्यात जास्त घोळ आशयपत्रापाशी, म्हणजे मंत्रालयाच्या तत्त्वतः संमतीच्या पत्रापाशी (लेटर ऑफ इंटेंट) होतो. ते आलं म्हणजे परवाना मिळाला असं नाही. फ्रिक्वेन्सी आणि जागेची मंजुरी, मंत्रालयाशी करार आणि वायरलेस केंद्र चालवण्याचा परवाना हे सगळं हातात आल्यावरच बटण दाबायचं. श्रावणात अर्ज केला तर भाद्रपदात प्रसारण होत नाही, तेव्हा हे पुढल्या वर्षांसाठी धरा.

यंदा कार्यक्रम इंटरनेटवरून थेट ऐकवा. त्याला फ्रिक्वेन्सीचा परवाना लागत नाही. गाण्यांचे हक्क मात्र वेगळे तपासा.

विसर्जनाच्या मिरवणुकीला वॉकी-टॉकी हवे असतील, तर 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवरचे, कमी शक्तीचे, परवानामुक्त संचच घ्या आणि दुकानदाराकडून ईटीए (उपकरणाच्या प्रकाराला सरकारी मंजुरी) प्रमाणपत्राचा क्रमांक बिलावर लिहून घ्या. 400 ते 470 पर्यंत कुठेही लावता येणारा 5 वॉटचा संच दुकानदारानं हातात ठेवला, तर तो ‘हाही सोबत घ्या’ म्हणाला तरी परत करा.