तालुक्याच्या गावात नोटरी ऑफिस चालवायचं असेल तर

वकिलीची 10 वर्षं झाली (महिला आणि एससी-एसटी-ओबीसींना 7), नोटरीची सनद (सरकारी परवाना) हातात आली, आता ऑफिस कसं चालवायचं असं बरेच ज्युनिअर विचारतात म्हणून हे लिहितोय.

जागा तहसील नाहीतर कोर्टाजवळच बघा, आणि बाजूला झेरॉक्सवाला हवाच हवा, कारण येणारा माणूस निम्मे कागद घरी विसरूनच येतो आणि झेरॉक्स काढायला लांब गेला की परत तुमच्याकडे येत नाही. फीचा बोर्ड आतही लावा, बाहेरही लावा, नियमच आहे तसा. शिक्का गोल, 5 सेंमीचा. जाहिरात, रील वगैरे नको, वकिलांना ते चालत नाही.

रोजचं काम म्हणजे प्रतिज्ञापत्रं: गॅप सर्टिफिकेट (शिक्षणात खंड पडल्याचं), पॅन हरवलं, आणि सगळ्यात जास्त नावातला फरक. आधारवर सुनीता, सातबाऱ्यावर सुनंदा, बँकेत तिसरंच. याचे मराठी फॉरमॅट तयार ठेवा. जात, उत्पन्न, रहिवासी दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, हे येणाऱ्याला आधी सांगा, उगाच 500 चा पेपर घेऊन आलेली माणसं बघून वाईट वाटतं.

आता खरं महत्त्वाचं. माणूस समोर नाही तर सही-शिक्का नाही. "बाबा अंथरुणावर आहेत, मी सही घेऊन आलोय, तुम्ही फक्त शिक्का मारा" हे आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळणार, ओळखीचाच माणूस म्हणणार, तरी नाही म्हणा, फार तर तुमच्या हद्दीत असेल तर घरी जाऊन करून या. आजीचा अंगठा घ्यायचा असेल तर कागद मोठ्याने वाचा आणि मग तिलाच विचारा, आजी, कशासाठी करताय हे? मुलगा मध्येच उत्तर द्यायला लागला तर त्याला बाहेर बसवा. आजीला सांगता आलं नाही तर कागद परत द्या. सांगता आलं तर वाचून दाखवल्याची ओळ लिहा, ओळखणाऱ्याची सही घ्या, कोऱ्या जागांवर रेघ मारा, आणि रजिस्टरमध्ये नोंद त्याच वेळी, संध्याकाळी एकदम लिहू म्हणाल तर घोळ होणारच. जुनी रजिस्टरं जपून ठेवा, कित्येक वर्षांनंतर कोर्टातून साक्षीला बोलावणं येतं तेव्हा तेवढाच आधार असतो.

काही कामं थेट नाकारायची. नोटरीवर लग्न किंवा घटस्फोट होत नाही, केंद्राच्या कायदा खात्याने ऑक्टोबर 2024 मध्ये पत्र काढून तंबीच दिलीय. प्लॉटची खरेदी नोटरीवर होत नाही, भाडेकरार पण महाराष्ट्रात रजिस्टरच करावा लागतो, "सगळे करतात की साहेब" म्हणणाऱ्याला सरळ दुय्यम निबंधकाकडे पाठवा. तेवढी फी बुडते, बुडू दे, पण पुढच्या वेळी तोच माणूस भावकीतल्या चौघांना घेऊन येतो.

बाकी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वार्षिक रिटर्न (वर्षभरात केलेल्या नोटरी कामाचा हिशेब) सरकारकडे भरायचं, आणि सनद 5 वर्षांची असते, तर मुदत संपायच्या 6 महिने आधीच रिन्यूअलचा अर्ज टाका.